ध्वनिमुद्रिका हीच संहिता : मुंबईचे वाद्यवृंदसंगीत आणि समीक्षेपुढील प्रश्न

प्राचीन मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला पाठचिकित्सा ही काही नवी गोष्ट नाही. ज्ञानेश्वरीची मूळ प्रत उपलब्ध नाही. आहेत त्या नकला आणि नकलांच्या नकला. एकनाथांनी शके 1506 मध्ये पाठशुद्धी केली ती याच अडचणीतून. लेखनिकाने काय गाळले, काय पदरचे घातले, कोणता पाठ अधिक विश्वसनीय, हे प्रश्न सोडविल्यावाचून ग्रंथाच्या काव्यगुणांची चर्चा पुढे जात नाही. विसाव्या शतकातील संगीताच्या बाबतीत मात्र हाच अभ्यासक निर्धास्त असतो. तबकडी समोर आहे, ती वाजते आहे, तेव्हा संहिता हाती आली असे तो गृहीत धरतो. या गृहीताची तपासणी वाद्यवृंदसंगीताच्या क्षेत्रात, आणि त्यातही मुंबईत घडलेल्या वाद्यवृंदसंगीताच्या क्षेत्रात, विशेष आवश्यक ठरते.

युरोपातील परिस्थिती तुलनेने सोपी आहे. तेथे रचनाकाराने लिहिलेली स्वरलिपी छापील स्वरूपात उपलब्ध असते आणि ध्वनिमुद्रण हे तिचे एक वाचन असते. इगोर स्ट्राव्हिन्स्की यांनी तर आपल्या कृतींची गती आणि घडण पुढील पिढ्यांसाठी निश्चित करून ठेवण्याचे साधन म्हणून ध्वनिमुद्रणाकडे पाहिले होते. पॅरिस येथे 1913 मध्ये प्रथम सादर झालेली त्यांची ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ ही कृती त्यांनी स्वतः 1929, 1940 आणि 1960 अशी तीन वेळा ध्वनिमुद्रित केली. गंमत अशी की, ही तिन्ही वाचने परस्परांशी तंतोतंत जुळत नाहीत. रचनाकारच स्वतःशी असहमत होतो तेव्हा निर्णय स्वरलिपीकडे सोपवावा लागतो. गुस्टाव्ह होल्स्ट यांनीही आपली ‘द प्लॅनेट्स’ ही कृती लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून दोनदा ध्वनिमुद्रित करून घेतली. पहिल्यांदा कर्ण्यासमोर वादकांना दाटीवाटीने बसवून, आणि दुसऱ्यांदा 1926 मध्ये विद्युत् ध्वनिमुद्रणाच्या पद्धतीने. ऋग्वेदातील सूक्तांना स्वरसाज चढविण्यासाठी संस्कृत शिकलेला हा रचनाकार मराठी अभ्यासकाच्या विशेष कुतूहलाचा विषय व्हावयास हवा होता. पण तो स्वतंत्र विषय आहे.

याच दोन कृतींशी मुंबईचे नाव जोडले गेले ते झुबिन मेहता यांच्यामुळे. 1936 मध्ये मुंबईत जन्मलेले मेहता 1954 मध्ये सेंट झेवियर्स महाविद्यालयातील शिक्षण सोडून व्हिएन्नास गेले आणि 1962 पासून लॉस एंजलिस फिलहार्मोनिकचे नियंत्रक झाले. या वाद्यवृंदासह डेक्का कंपनीसाठी त्यांनी 1969 मध्ये ‘राइट’ आणि 1971 मध्ये ‘प्लॅनेट्स’ ध्वनिमुद्रित केले. एडगार व्हारेज यांच्या, श्रोत्यांना त्या काळी कर्कश वाटणाऱ्या, तालवाद्यप्रधान रचनाही त्यांनी त्याच सुमारास तबकडीवर आणल्या. ‘प्लॅनेट्स’ची तबकडी तर उत्तम ध्वनियंत्रणेची कसोटी म्हणून दुकानांतून वाजविली जाई. या कीर्तीत मेहतांचा वाटा किती आणि डेक्काच्या तंत्रज्ञांचा किती, हे सांगणे अवघड आहे. सभागृहात मागच्या रांगेतून दबलेला ऐकू येणारा नगारा येथे कानाशी येतो, पितळी वाद्यांची धार अंगावर येते. हे वाचन आवेगी आहे, देखणेही आहे. परंतु ‘सॅटर्न’सारख्या भागात वार्धक्याची जी संथ, जड पावले अपेक्षित आहेत ती या चकाकीत काहीशी हलकी होतात. महत्त्वाचे हे की असे विधान करता येते, कारण पडताळून पाहण्यास छापील स्वरलिपी आहे, इतर नियंत्रकांची वाचने आहेत, आणि तबकडीच्या वेष्टनावर कोणी काय केले याची नोंद आहे.

मेहतांनी मागे सोडलेल्या मुंबईत मात्र नेमके हेच नव्हते. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली होती. पारशी हौशी वादक, गोव्याचे ख्रिस्ती व्यावसायिक वादक आणि शहरात स्थिरावलेले काही युरोपीय अशी त्याची मिश्र घडण होती. मेहली मेहता 1955 च्या सुमारास इंग्लंडला गेले. त्यानंतर कायमस्वरूपी, पगारी सिम्फनी वाद्यवृंदासाठी मुंबईला 2006 पर्यंत, म्हणजे राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन होईपर्यंत वाट पाहावी लागली. मधल्या अर्धशतकात मुंबईत वाद्यवृंदसंगीत झालेच नाही, असा समज यातून होतो. तो चुकीचा आहे. या काळात मुंबईत जवळजवळ रोज, सकाळ-संध्याकाळ, मोठे वाद्यवृंद एकत्र बसत होते आणि नवे, त्याच आठवड्यात लिहिलेले संगीत वाजवीत होते. ते बसत होते चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत.

या वादकांत गोमंतकीयांचा भरणा मोठा होता, याचे कारण पोर्तुगीज अमदानीतील चर्चच्या शाळांत आहे. तेथे मेस्त्रीकडून मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी लहानपणीच शिकविली जाई. मुंबईतील बहुतेक संगीतकारांना ही लिपी येत नव्हती. ते हार्मोनिअमवर चाल सांगत. ती चाल कागदावर उतरविणे, पंचवीस-तीस व्हायोलिनांत ती वाटून देणे, गायिकेच्या ओळीखाली दुसरी ओळ गुंफणे, दोन कडव्यांमधील संगीतखंड उभा करणे, हे काम वाद्यसंयोजकाचे, स्टुडिओच्या भाषेत ‘अरेंजर’चे. मूळचे गोव्याचे, फाळणीपूर्वी लाहोरात काम केलेले सेबॅस्टियन डिसोझा हे या परंपरेतील मोठे नाव. शंकर-जयकिशन यांच्याकडे त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ हे काम केले. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ते आणि दत्ताराम ‘सहायक’ म्हणून येतात. तबकडीच्या गोल कागदावर तेवढेही नाही. तेथे चित्रपट, गायक, गीतकार आणि संगीतकार. सर्व वाद्यवृंद निनावी.

येथे पाठचिकित्सेचा प्रश्न उलटा होऊन उभा राहतो. संयोजकाने लिहिलेले कागद ध्वनिमुद्रणाच्या दिवसापुरते असत. वादकाच्या स्टँडवर ते येत, दोन-चार तास उपयोगी पडत, आणि काम संपताच त्यांची किंमत संपे. त्यामुळे आज उरली आहे ती केवळ तबकडी. ती एखाद्या स्वरलिपीचे वाचन नव्हे. तीच मूळ प्रत आहे. आणि ती मूळ प्रत आहे म्हणूनच तिच्यातील प्रत्येक ध्वनीला संहितेतील अक्षराचे मोल द्यावे लागते. मराठीतील चित्रपटसंगीताचे लेखन बहुधा चाल आणि शब्द यांपाशी थांबते. राग कोणता, ठेका कोणता, गीतकाराने कोणती प्रतिमा वापरली, गायिकेने कोणती हरकत घेतली हे सविस्तर येते. व्हायोलिने काय करीत होती याविषयी ‘सुरेल वाद्यमेळ’ एवढ्या दोन शब्दांत बोळवण होते. अर्धी संहिता न वाचताच केलेली ही समीक्षा आहे.

‘आवारा’ (1951) मधील स्वप्नदृश्य हे या दृष्टीने उत्तम उदाहरण. सुमारे नऊ मिनिटांच्या या दृश्यात तीन भाग आहेत : ढगांच्या पायऱ्यांवरील नायिकेची विरहातुर हाक, मग नरकात सापडलेल्या नायकाचा आक्रोश, आणि शेवटी घरी परतल्याचा उत्सव. शेवटच्या भागाची चाल सर्वतोमुखी झाली. तिचे नाते उम्म कुलथुम यांच्या एका अरबी गीताशी जोडले जाते आणि मग ‘उचलली की नाही’ या वादात सारी चर्चा संपते. परंतु हे दृश्य चालीवर उभेच नाही. ते उभे आहे तीन भागांना जोडणाऱ्या वाद्यवृंदावर. पहिल्या भागात समूहस्वर आणि तंतुवाद्ये एकमेकांत विरघळलेली असतात. दुसऱ्यात तालवाद्ये आणि पुरुष-समूहस्वर चढत जाऊन मन्ना डे यांच्या स्वराला कोंडीत पकडतात. आणि या कल्लोळानंतर एकट्या मेंडोलिनची तार छेडली जाते, तिच्यामागून ढोलक येतो. सुटका झाली हे श्रोत्याला समजते ते शब्द येण्याच्या आधी. जड समूहाकडून हलक्या एकल वाद्याकडे जाण्याची ही योजना नाट्यपूर्ण आहे, आणि ती चाल बांधणाऱ्याच्या नव्हे, वाद्ये वाटणाऱ्याच्या बुद्धीतून येते. चाल परकी ठरली तरी ही रचना परकी ठरत नाही.

आता याच दृश्याची तबकडी पाहावी. दहा इंची, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन मिनिटांच्या आसपास संगीत मावे. नऊ मिनिटांची सलग रचना तीवर सलग राहणे शक्यच नव्हते. ज्यांनी ते संगीत केवळ तबकडीवर आणि रेडिओवर ऐकले त्यांच्यापर्यंत गाणी पोहोचली, सांधे पोहोचले नाहीत. म्हणजे ‘आवारा’चा चित्रपटातील पाठ आणि तबकडीचा पाठ हे दोन भिन्न पाठ आहेत, आणि समीक्षकाने आपण कोणत्या पाठाविषयी लिहीत आहोत हे सांगितले पाहिजे. पार्श्वसंगीताची स्थिती याहून बिकट. ते तबकडीवर क्वचितच आले. पुढे 1990 च्या आसपास कॅसेटच्या बाजारात जुन्या ध्वनिमुद्रणांवर नवे ठेके चढवून ‘झंकार बीट्स’ या नावाने ती विकली गेली. एखाद्या पोथीच्या समासात नव्हे, तर ओळींवरच कोणी गडद शाईने नवी अक्षरे गिरवावीत, तसा हा प्रकार. ज्या पिढीने ही गाणी प्रथम अशा कॅसेटवरच ऐकली, तिच्या कानांना मूळ पाठ रिकामा वाटतो. प्रक्षेपाचे याहून ठळक उदाहरण पोथ्यांच्या जगातही सापडणे कठीण.

उलट बाजूही नोंदविली पाहिजे. या वाद्यवृंदसंगीतात दुय्यम भाग पुष्कळ आहे. अनेक ठिकाणी व्हायोलिनांचा ताफा केवळ निर्मात्याच्या ऐपतीचे प्रदर्शन करतो. दुःख आले की तंतुवाद्ये कढ काढू लागतात. वीस-तीस सेकंदांच्या खंडात कोणतीही सुरावट वाढत नाही, फक्त चमकून जाते. सिम्फनीत एखाद्या बीजसुरावटीचा जो विस्तार होतो त्याची अपेक्षा येथे धरणे व्यर्थ आहे. म्हणून या संगीताला ‘भारतीय सिम्फनी’ म्हणण्याचा उत्साह टाळावा. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (1951) मधील जॅझ ढंगाचे वादन चुरचुरीत आहे, पण तो छोट्या बँडचा गुण; मोठ्या वाद्यवृंदाचा नव्हे. त्या चित्रपटात गोमंतकीय तुतारीवादक चिक चॉकलेट आपल्या ताफ्यासह पडद्यावर दिसतात, ही मात्र निनावीपणाच्या नियमाला सुखद बगल. शंकर-जयकिशन यांच्या ‘रागा जॅझ स्टाइल’ (1968) या अकरा रागांवरील तबकडीत रईस खान आदी वादकांची नावे पुढे आली ती त्यात गायकच नव्हता म्हणून.

चित्रपटाच्या चौकटीबाहेर पडण्याचा गंभीर प्रयत्न केला तो माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी. व्हायोलिनवादक, संयोजक आणि प्यारेलाल यांचे गुरू असलेल्या गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात सुमारे 110 वादकांचा वाद्यवृंद उभा केला. रागांवर आधारलेल्या रचना त्यात सादर झाल्या आणि लता मंगेशकर व मन्ना डे त्यात गायले. हेच महाविद्यालय झुबिन मेहता यांनी चार वर्षांपूर्वी सोडले होते. 1965 मध्ये गोन्साल्विस यांनी चित्रसृष्टी सोडून अमेरिकेची वाट धरली, पुढे ते गोव्यात परतले आणि 2012 मध्ये वारले. महाराष्ट्राला त्यांचे नाव ठाऊक आहे ते शिष्याने 1977 मध्ये ‘अमर अकबर अँथनी’साठी बांधलेल्या एका विनोदी गाण्यातून, आणि तेही एका कल्पित पात्राचे नाव म्हणून.

नंदुरबार जिल्ह्यातील रनाळ्यासारख्या गावी प्रत्यक्ष मोठा वाद्यवृंद ऐकण्याचा योग येत नाही. 1957 मध्ये सुरू झालेली विविध भारती, पुढे कॅसेट, आणि आता मोबाइल हेच मार्ग. तरीही या संगीताच्या आकलनाचा एक पुरावा खानदेशात दर लग्नसराईत रस्त्यावर ऐकू येतो. वरातीतील बँडवाला क्लॅरिनेटवर गाण्याची चाल वाजवितो आणि कडवे संपताच थांबत नाही. मधला व्हायोलिनांचा खंडही तो तुतारीवर तितक्याच निष्ठेने काढतो, आणि तो चुकला तर नाचणाऱ्यांच्या लक्षात येते. त्याला स्वरलिपी मिळालेली नाही, संयोजकाचे नाव सांगितलेले नाही. त्याने कानाने तबकडी उतरवून घेतली आहे, आणि ती उतरविताना गायिकेची ओळ महत्त्वाची व वाद्यांची ओळ दुय्यम असा भेद केलेला नाही. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने आधी अशा बँडवाल्यांवर आणि नंतर मुंबईच्या स्टुडिओ-वादकांवर ग्रंथ लिहिला, हा क्रम योगायोगाचा नसावा. ‘बिहाइंड द कर्टन’ (2008) हा त्यांचा दुसरा ग्रंथ वादकांच्या मुलाखतींवर आधारलेला आहे. कोण कोणत्या वाद्यावर होते, कोणाच्या हातचे लेखन होते, किती वेळा वाजवून मग मुद्रण मान्य झाले, याची माहिती केवळ त्यांच्या स्मरणात होती. त्या पिढीतील बहुतेक वादक आता हयात नाहीत. मराठीत अशी नोंद करावयाची तर त्यांच्या शिष्यांना आणि घरच्या मंडळींना गाठावे लागेल, आणि प्रत्येक तबकडी चित्रपटातील पाठाशी ताडून, वाद्यागणिक, पुन्हा ऐकावी लागेल.