उंबरठ्यावरचे सत्य

आजाऱ्याच्या खोलीबाहेर घरची मंडळी आम्हाला थांबवतात आणि दबक्या आवाजात विनवतात, ‘‘फादर, आईला काही सांगू नका हं.’’ आत गेल्यावर ती माउलीच पुटपुटते, ‘‘फादर, मला सारे कळले आहे, पोरांना मात्र कळू देऊ नका.’’ धर्मगुरूच्या आयुष्यात हा प्रसंग पुनःपुन्हा येतो. वोल्फगांग बेकर या दिवंगत जर्मन दिग्दर्शकाचा ‘गुड बाय, लेनिन!’ (२००३) हा चित्रपट पाहताना आम्हाला तोच उंबरठा आठवत राहिला.

कथा पूर्व बर्लिनमधली. मुलांना गाणी शिकवणारी, शेजाऱ्यांचे तक्रारअर्ज लिहून देणारी ख्रिस्तियाने समाजवादी राजवटीशी एकनिष्ठ आहे. ऑक्टोबर १९८९ मध्ये मुलगा ॲलेक्स निदर्शनात पकडला गेलेला पाहून तिला हृदयविकाराचा झटका येतो. ती आठ महिने बेशुद्ध राहते. तेवढ्यात बर्लिनची भिंत कोसळते. ती शुद्धीवर येते तेव्हा डॉक्टर बजावतात, की कोणताही धक्का तिच्या जिवावर बेतेल. मग ॲलेक्स ७९ चौरस मीटरच्या घरात मावळलेला देश जिवंत ठेवू लागतो. नव्या लोणच्यातल्या काकड्या तो जुन्या बरण्यांत भरतो आणि मित्राच्या साह्याने दूरदर्शनच्या खोट्या बातम्या चित्रित करतो. खिडकीतून कोकाकोलाचा फलक दिसला, तर त्याचेही ‘समाजवादी’ स्पष्टीकरण तयार असते!

आपण हसतो, पण हसता हसता घसा दाटून येतो. एके दिवशी आई एकटीच रस्त्यावर येते आणि तिच्यासमोरून लेनिनचा अर्धपुतळा हेलिकॉप्टरला लटकत जातो. पुढे केलेला त्याचा हात जणू तिचाच निरोप घेतो. हे दृश्य विसरता येणे कठीण.

सेमिनरीत आम्ही शिकलो, की संत ऑगस्टीन यांच्या मते परोपकारासाठी बोललेले असत्यही असत्यच. तो निर्णय आम्हाला आजही मान्य आहे. तरीही ॲलेक्सला खडा मारायला आमचा हात उचलत नाही. चित्रपट मात्र त्याला सहजासहजी सोडत नाही. त्याची परिचारिका मैत्रीण लारा या खोटेपणाला उघड विरोध करते. पुढे कळते, की आईनेही वर्षानुवर्षे एक असत्य जपले होते: पश्चिमेस गेलेल्या पतीने कुटुंबाला टाकले नव्हते, त्याच्यामागे जायचे ठरले असूनही भीतीपोटी तीच गेली नाही आणि त्याची पत्रे तिने दडवून ठेवली. मुलाने केले ते आईकडूनच आलेले होते. प्रेमाने बोललेल्या त्या खोट्याने मुलांचा बाप हिरावला, ही त्याची किंमत.

चित्रपटात उणीव नाही असे नाही. दृश्ये बोलकी असताना ॲलेक्सचे निवेदन अनेकदा तेच पुन्हा सांगते. बहीण आरियाने हिच्या दुःखालाही अधिक जागा हवी होती.

परंतु शेवट थोर आहे. लाराने आईला सत्य सांगितले आहे. ॲलेक्सला ते ठाऊक नाही. तो आपली अखेरची खोटी बातमी दाखवतो, तेव्हा आईची दृष्टी पडद्यावरून मुलाकडे वळते. ती काहीच उघड करत नाही. आता राखण कोण कोणाची करीत आहे?

कुटुंबांनी हा चित्रपट एकत्र पाहावा आणि नंतर थोडा वेळ बोलावे. आपल्या घरी अशा दोन्ही बाजूंनी बंद झालेल्या खोल्या असतील. सत्य आणि माया यांना एकमेकांपासून लपवण्यात अखेरचे मोलाचे दिवस निघून जातात. ते दार वेळीच उघडावे, एवढेच आमचे मागणे.