पेकुदे: हिशोब दिल्याशिवाय मंडप पुरा होत नाही

आज आपण तोरातलं ‘पेकुदे’ हे साप्ताहिक वाचन घेतलं आहे. निर्गम ग्रंथाचा हा शेवटचा भाग, म्हणजे 38व्या अध्यायाच्या 21व्या वचनापासून 40व्या अध्यायाच्या अखेरपर्यंत. इस्राएल लोकांनी रानात बांधायला घेतलेला निवासमंडप इथे पुरा होतो.

पुष्कळ वाचक हा भाग चाळून पुढे जातात. खांब, पडदे, आकड्या, किती सोनं, किती रुपं, किती पितळ, आणि तेही आधी एकदा सांगून झालेलं. समुद्र दुभंगला, डोंगर धुमसला, आणि अशा ग्रंथाने शेवटाकडे येताना जमाखर्चाची वही उघडावी? आपला आजचा मुद्दा असा की, ही वही उघडल्याशिवाय हा ग्रंथ संपूच शकत नव्हता.

आधी शब्द पाहू. ‘पेकुदे’ म्हणजे मोजदाद, नोंदी. मूळ धातू ‘पकद’. त्याचा अर्थ मोजणं, तसाच दखल घेणं, आठवण ठेवणं. उत्पत्तीच्या शेवटी योसेफ मरताना भावांना सांगतो, की देव तुमची दखल घेईल. तिथे हाच धातू आहे. तेव्हा मोजणं ही इथे नुसती कारकुनी नाही.

आता आकडे. सोनं 29 किक्कार 730 शेकेल. रुपं 100 किक्कार 1,775 शेकेल. पितळ 70 किक्कार 2,400 शेकेल. रुप्याचा हिशोब आपण पडताळून बघू शकतो. वीस वर्षांवरच्या 6,03,550 पुरुषांनी प्रत्येकी अर्धा शेकेल दिला, म्हणजे 3,01,775 शेकेल. एक किक्कार 3,000 शेकेलचा. भागून बघा, 100 किक्कार होतात आणि वर 1,775 उरतात. त्या 100 किक्कारांच्या 100 उथळ्या ओतल्या, म्हणजे फळ्या आणि खांब ज्यांवर उभे राहतात त्या बैठका. उरलेल्याच्या आकड्या आणि खांबांची मढवणी. एक शेकेलसुद्धा इकडचा तिकडे नाही.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. एका उथळीत सहा हजार माणसांचा अर्धा-अर्धा शेकेल आहे. हा अर्धा शेकेल श्रीमंताने जास्त द्यायचा नाही आणि गरिबाने कमी द्यायचा नाही, अशी आज्ञा 30व्या अध्यायात आहे. मंडपावर झळकतं ते ऐच्छिक दानातलं सोनं, पण तो उभा आहे सारख्या वाट्याच्या रुप्यावर.

हा हिशोब मागितला कोणी? मूळ पाठात कोणीच नाही. पण मिद्राशकारांना माणसं चांगली ठाऊक होती. निर्गम रब्बा सांगतो की, लोक मोशेच्या पाठीमागे कुजबुजत होते: मान बघा केवढी जाड झालीय, एवढं सोनंरुपं ज्याच्या हातून जातं तो गब्बर होणारच! मोशेच्या कानावर ते गेलं आणि तो म्हणाला, काम पुरं होऊ दे, हिशोब देतो. दुसरं असं, की नोंदींचं काम अहरोनाचा मुलगा इथामार याच्याकडे होतं, असं मूळ पाठच सांगतो. ज्याच्यावर देवाचा विश्वास, त्यानेही एकट्याने खजिना सांभाळू नये, असं मिद्राशचं म्हणणं. मिश्नेत हाच नियम झाला: सार्वजनिक पैशावर दोनांपेक्षा कमी माणसं नेमायची नाहीत. निर्दोष असणं पुरेसं नाही. लोकांना ते दिसलं पाहिजे.

आता याच्याशेजारी 32वा अध्याय ठेवा. तिथेही लोकांनी सोनं दिलं होतं. मोशे विचारतो तेव्हा अहरोन सांगतो, त्यांनी सोनं दिलं, मी ते आगीत टाकलं, आणि हे वासरू बाहेर आलं. जणू करणारा कोणी नव्हताच! आमच्या मते मूर्ती आणि मंडप यांतला एक मोठा फरक इथे आहे. मूर्तीचं सोनं कुठून आलं आणि त्याचं काय झालं, याला कोणी जबाबदार नाही. मंडपाच्या प्रत्येक उथळीमागे माणसांची मोजदाद आहे.

पण टीका करायची तर पुरी करू. या हिशोबाला भोकं आहेत. रुप्याचा पै-पैचा तपशील आहे, पितळाची यादी आहे. सोन्याची मात्र नुसती बेरीज. कशाला किती लागलं, ते नाही. जे सर्वांत मौल्यवान, त्याच्याबद्दल वही सर्वांत गप्प. दुसरं भोक आम्हाला जास्त बोचतं. मंडपाच्या दारी सेवा करणाऱ्या बायकांनी आपले आरसे दिले आणि त्यांचं पितळेचं गंगाळ झालं, हे याच अध्यायात, 8व्या वचनात आहे. पुढे पितळाच्या यादीत वेदी आहे, जाळी आहे, मेखासुद्धा आहेत. गंगाळ नाही. आरशांचं पितळ वेगळं होतं, म्हणून ते त्या यादीत धरलं नाही, असं समर्थन करता येतं. तरीसुद्धा बायकांचं दान गोष्टीत आलं आणि वहीत आलं नाही, हे उरतंच.

तिसरा आक्षेप इतिहासाचा. गणना ग्रंथातली खानेसुमारी मंडप उभा राहिल्यानंतर महिन्याने होते, आणि तिथेही आकडा 6,03,550 हाच. यावर जुन्या भाष्यकारांनीही डोकं खाजवलं आहे. वेलहाउझेनसारखे जर्मन संशोधक तर म्हणाले की, हा मंडप म्हणजे यरुशलेमच्या मंदिरावरून याजकवर्गाने मागे नेऊन रंगवलेलं चित्र. घटकाभर तेही मान्य करू. मग प्रश्न अधिकच धारदार होतो. आदर्श मंदिराची कल्पना करायला बसलेल्या याजकांना त्यात जमाखर्च का घालावासा वाटला? आपल्या वर्गाला सोयीचं ते लिहायचं, तर ही पानं गाळणं सर्वांत सोपं होतं.

शेवट बघा. पहिल्या महिन्याच्या पहिल्या दिवशी मंडप उभा राहतो. ढग उतरतो, तेज मंडप भरून टाकतं, आणि मोशेला आत जाता येत नाही. ज्याने सगळं उभं केलं, तोच दाराबाहेर! आपण हे असं वाचतो: हिशोब देऊन झाला, आता वास्तू त्याची राहिली नाही. बांधणाऱ्याचा हक्क जिथे संपतो, तिथे पावित्र्याला जागा होते. लेवीय ग्रंथ सुरू होतो तो आतून आलेल्या हाकेने, आणि ती हाक मोशेलाच असते. तिच्याबद्दल पुढच्या व्याख्यानात बोलू.