पानगळीतील भयपट : अल्पखर्ची अमेरिकी चित्रपटांची एक समीक्षात्मक शिफारस

प्रास्ताविक

चित्रपटविषयक मराठी समीक्षेत भयपटाला फारसे मानाचे पान मिळालेले नाही. फिल्म सोसायटीच्या चळवळीने बर्गमन, कुरोसावा, सत्यजित राय यांच्या कलाकृती गांभीर्याने पाहण्याची शिस्त लावली. परंतु भुताखेतांचे स्वस्त चित्रपट या शिस्तीच्या उंबरठ्याबाहेरच राहिले. रामसे बंधूंचा 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) महाबळेश्वरला चित्रित झाला, तरी त्याची दखल चर्चासत्रांपेक्षा पानपट्टीवरच्या गप्पांत अधिक घेतली गेली. ही उपेक्षा सर्वस्वी अन्यायाची होती असे म्हणता येणार नाही. कमी पैशांत काढलेले बहुतेक भयपट वाईटच असतात. प्रश्न उरतो तो ज्यांना हा नियम लागू पडत नाही अशा मोजक्या चित्रपटांचा.

अशा काही अमेरिकी चित्रपटांचा येथे विचार केला आहे. त्यांना 'कल्ट' चित्रपट म्हणण्याचा प्रघात आहे. या शब्दाला समर्पक मराठी प्रतिशब्द नाही. ज्या चित्रपटाभोवती, रूढ प्रतिष्ठेची पर्वा न करता, निष्ठावंत प्रेक्षकांचा एक पंथ जमतो आणि जो पुनःपुन्हा पाहिला जाऊन टिकतो, तो कल्ट चित्रपट, एवढे स्पष्टीकरण पुरेसे आहे.

अमेरिकेत ऑक्टोबर महिना भयपट पाहण्याचा मानला जातो, कारण ३१ ऑक्टोबरला हॅलोविन येतो. येथे भाषांतराची एक अडचण उद्भवते. तिकडच्या 'ऑटम'ला आपण सहज 'शरद' म्हणतो. पण मराठी मनातला शरद हा निरभ्र आकाशाचा, कोजागरीच्या चांदण्याचा ऋतू आहे. पाने गळतात ती आपल्याकडे शिशिरात. ओहायो किंवा पेनसिल्व्हेनियातील ऑक्टोबर म्हणजे कापणी झालेली शेते, लवकर येणारा अंधार आणि पायाखाली चुरचुरणारी पाने. त्यामुळे 'पानगळ' हाच शब्द अधिक नेमका ठरतो. मृतांच्या स्मरणाचा काळ मात्र दोन्हीकडे जवळपासच येतो. आपला पितृपक्ष सर्वपित्री अमावास्येला संपतो, त्यानंतर महिनाभराच्या आसपास हॅलोविन येतो. फरक एवढाच की आपण मृतांना पान वाढतो आणि तिकडचे मृत दारावर येऊन थाप मारतात.

उसनी पानगळ

जॉन कार्पेंटर यांचा 'हॅलोविन' (१९७८) हा या यादीतील सर्वाधिक परिचित चित्रपट. कथा इलिनॉय राज्यातील हॅडनफिल्ड या काल्पनिक गावात घडते. चित्रीकरण झाले ते कॅलिफोर्नियात आणि तेही वसंत ऋतूत. पानगळ दाखवायची तर पाने हवीत. म्हणून कागदी पाने रंगवून रस्त्यावर पसरली गेली आणि दृश्य संपताच ती गोळा करून पुढच्या दृश्यासाठी पुन्हा वापरली गेली. जाणकार प्रेक्षकाला काही चौकटींत मागे हिरवीगार झाडे, क्वचित ताडाची झाडेही दिसतात. खर्च सुमारे तीन लाख डॉलर होता. खुन्याचा मुखवटा दुकानात मिळणारा, 'स्टार ट्रेक'मधील कॅप्टन कर्कच्या चेहऱ्याचा, दोन डॉलरहून कमी किमतीचा. त्याला पांढरा रंग देण्यात आला.

या काटकसरीचे कौतुक अनेकदा केले जाते. पण चित्रपटाचे सामर्थ्य तिच्यात शोधणे योग्य नव्हे. ते आहे डीन कंडी यांच्या रुंद चौकटीत. भर दुपारी शाळेतून घरी निघालेल्या मुली, शांत रस्ता, कुंपणाची झुडपे, आणि चौकटीच्या कडेला रिकामी ठेवलेली जागा. प्रेक्षक पात्राकडे न पाहता त्या रिकाम्या जागेकडे पाहू लागतो. भय उत्पन्न करण्यासाठी अंधाराची गरज नाही, हे या चित्रपटाच्या पहिल्या अर्ध्या भागाने दाखवून दिले. उत्तरार्ध तुलनेने सरधोपट आहे आणि पुढे निघालेले बहुतेक भाग तर विसरण्याजोगे आहेत.

बोधपटांच्या कारखान्यातून

'कार्निव्हल ऑफ सोल्स' (१९६२) हा चित्रपट प्राध्यापकवर्गाने विशेषत्वाने पाहावा. त्याचे दिग्दर्शक हर्क हार्वी हे कॅन्सस राज्यातील लॉरेन्स येथील सेंट्रॉन या संस्थेत शाळा-महाविद्यालयांसाठी बोधपट आणि उद्योगांसाठी माहितीपट काढत असत. मुलांनी कसे वागावे, कामगारांनी यंत्र कसे हाताळावे, असे त्यांचे विषय. एकदा प्रवासात युटामधील ग्रेट सॉल्ट लेकच्या काठी सॉल्टएअर हे ओसाड पडलेले करमणूककेंद्र त्यांच्या दृष्टीस पडले. त्या वास्तूसाठी कथा हवी म्हणून सहकारी जॉन क्लिफर्ड यांनी पटकथा लिहिली. सुमारे ३३ हजार डॉलर आणि तीनेक आठवडे, एवढ्या भांडवलावर चित्रपट पूर्ण झाला. हार्वी यांनी त्यानंतर दुसरा कथापट काढला नाही.

मेरी हेन्री ही ऑर्गनवादक तरुणी. मोटारीच्या शर्यतीत गाडी पुलावरून नदीत कोसळते. काही तासांनी मेरी एकटी चिखलातून वर येते. दुसऱ्या गावी चर्चमध्ये नोकरी धरते. तिच्यासाठी संगीत ही भक्ती नसून उपजीविका आहे, हे ती स्पष्ट सांगते. पुढे तिच्या बोटांतून चर्चला न शोभणारे सूर निघू लागतात, तेव्हा धर्मगुरू तिला नोकरी सोडायला सांगतात. मधूनच एक पांढऱ्याफटक चेहऱ्याचा पुरुष तिला दिसत राहतो. ही भूमिका स्वतः हार्वी यांनी केली आहे.

चित्रपटाचा गाभा दोन प्रसंगांत आहे. मेरी कपड्यांच्या दुकानात असताना एकाएकी सगळे आवाज थांबतात. ती बोलते, पण विक्रेतीला ना ती दिसते ना ऐकू येते. मग बागेत पक्ष्याच्या किलबिलाटाबरोबर आवाज परततो. या ठिकाणी अल्पखर्चाचा दोष गुणात बदलतो, असे नुसते म्हणणे पुरेसे नाही. ते कसे घडते हे पाहिले पाहिजे. संवाद नंतर ध्वनिमुद्रित केल्याने चित्रपटभर ओठ आणि आवाज यांत किंचित विसंगती राहते. त्यामुळे आवाज माणसांपासून सुटलेलाच असतो. दुकानात तो पूर्णपणे नाहीसा होतो तेव्हा प्रेक्षकाला धक्का बसत नाही, तर इतका वेळ जाणवत असलेल्या गोष्टीची खात्री पटते. बोधपटातील समोरासमोरची, निर्विकार छायाचित्रणशैलीही येथे उपयोगी पडते. ज्या सपाट प्रकाशात 'टेबलावर कोपरे टेकू नका' असे सांगितले जात असेल, त्याच प्रकाशात एका स्त्रीचे जगातून वजा होणे दाखवले आहे. कँडेस हिलिगॉस यांचा चेहरा सुरुवातीला निर्विकार वाटतो, नंतर तो निर्विकारपणा हीच भूमिका असल्याचे उमगते. मेरीला एकटे राहायचे आहे, एवढ्यासाठी घरमालकीण, शेजारी, डॉक्टर आणि धर्मगुरू अशा प्रत्येकाला तिच्यात काहीतरी बिघाड दिसतो. शेवट येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. चतुर प्रेक्षकाला तो आधीच कळतो आणि त्याने काही बिघडत नाही.

जॉन हॅन्कॉक यांचा 'लेट्स स्केअर जेसिका टू डेथ' (१९७१) याच कुळातील. मनोरुग्णालयातून परतलेली जेसिका कनेक्टिकटमधील सफरचंदांच्या बागेत राहायला येते. येथील पानगळ खरी आहे : धुके, ओलसर गवत, कबरींच्या शिलालेखांचे कागदावर घेतलेले ठसे. कथानक मधे सैल पडते. झोरा लॅम्पर्ट यांच्या अभिनयासाठी मात्र ते सहन करावे.

नफा कोणाचा?

जॉर्ज रोमेरो यांचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) पिट्सबर्गच्या परिसरात सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये तयार झाला आणि १ ऑक्टोबर १९६८ रोजी त्याच शहरात प्रथम दाखवला गेला. रक्त म्हणून चॉकलेटचा पाक वापरला गेला. संवादात घड्याळे पुढे करण्याचा उल्लेख आहे, स्मशानातील झाडे मात्र उघडीबोडकी आहेत. एवढी विसंगती क्षम्य आहे. नायक बेन कृष्णवर्णीय आहे आणि कोणीही त्याचा उल्लेख करत नाही. ड्वेन जोन्स यांनी ही भूमिका अतिशय संयमाने केली. पुढे ते अध्यापन व रंगभूमीकडे वळले. चित्रपट पूर्ण होत असतानाच, ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्यामुळे अखेरची रवाळ स्थिरचित्रे, बंदूकधारी गोरे पुरुष आणि मांस उचलण्याचे आकडे, भयपटाची न राहता वृत्तपत्रातील वाटू लागली.

वितरकाने ऐन वेळी नाव बदलले आणि नव्या शीर्षकपट्टीवर स्वामित्वहक्काची सूचना टाकायची राहून गेली. तत्कालीन अमेरिकी कायद्यानुसार चित्रपट तात्काळ सार्वजनिक झाला. ज्याला हवे त्याने तो दाखवला, विकला, तुकडे कापून वापरला. चित्रपट घरोघरी पोहोचला तो या चुकीमुळे, आणि निर्मात्यांच्या हातून फार मोठे उत्पन्न गेले तेही याच चुकीमुळे. कल्ट चित्रपटांच्या गौरवात पहिली बाजू नेहमी सांगितली जाते.

'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' (१९९९) याबाबतीत अधिक अस्वस्थ करतो. ऑक्टोबर १९९७ मध्ये मेरीलँडच्या जंगलात आठ दिवसांत त्याचे चित्रीकरण झाले. तिन्ही कलाकारांनी कॅमेरा स्वतः चालवला, संवाद स्वतः रचले. दिग्दर्शक डॅनियल मिरिक व एदुआर्दो सांचेझ त्यांच्यासाठी सूचनांच्या चिठ्ठ्या ठेवत आणि दिवसेंदिवस अन्न कमी करत. पडद्यावरचा थकवा बऱ्याच अंशी खरा आहे. जगभरातील उत्पन्न सुमारे २४ कोटी ८० लाख डॉलर झाले. २०२४ मध्ये या तिघांनी उत्पन्नातील न्याय्य वाट्याची मागणी जाहीरपणे केली. काठ्यांच्या बाहुल्या आणि रात्रीचे आवाज यांची परिणामकारकता त्याने कमी होत नाही. परंतु 'अत्यल्प खर्चात' हे विशेषण वापरताना तो खर्च कोणी सोसला हे समीक्षेने नोंदवले पाहिजे.

चित्रपट-अभ्यासमंडळात हे चित्रपट दाखवायचे झाल्यास प्रारंभ ७८ मिनिटांच्या 'कार्निव्हल ऑफ सोल्स'ने करावा, दिवाळीच्या सुटीआधी, आणि खिडक्यांचे पडदे नीट लावून. रोमेरोंच्या चित्रपटाच्या निकृष्ट, धुरकट प्रती सर्वत्र फिरत असतात. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१६ मध्ये सादर केलेली पुनरुज्जीवित प्रतच मिळवावी. तीत तळघराच्या भिंतीचा पोत दिसतो आणि बेनच्या चेहऱ्यावरचा घामही.