कारंज्याचा बाजार आणि रेमंडचा बाजार

सॉफ्टवेअरच्या जगात एक निबंध असा आहे, की न वाचलेले लोकही त्याचा हवाला देतात. एरिक रेमंडचा 'द कॅथेड्रल अँड द बझार'. १९९७ च्या मे महिन्यात जर्मनीतल्या वुर्झबुर्गला एका लिनक्स परिषदेत तो पहिल्यांदा सादर झाला, १९९९ साली त्याचं पुस्तक आलं. म्हणणं थोडक्यात असं, की सॉफ्टवेअर दोन रीतींनी बनतं. एक मोठं चर्च बांधल्यासारखं: मोजके कारागीर, दार बंद, काम पुरं झाल्यावरच लोकांना दाखवायचं. दुसरी रीत बाजाराची: कोणीही यावं, आपला माल मांडावा, गलबला चालू द्यावा, नवी आवृत्ती लवकर आणि वरचेवर बाहेर काढावी, चुका पाहणाऱ्यांच्या गर्दीतूनच सापडतील.

निबंधाचं मोल आम्ही कमी करत नाही. १९९८ च्या जानेवारीत नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा कोड खुला करण्याचं जाहीर केलं, त्या निर्णयात या निबंधाचा हात होता. आमचं भांडण आहे ते 'बाजार' या शब्दाशी. वऱ्हाडातल्या माणसाला कोणी म्हटलं, की बाजार म्हणजे बिनवेळेचा, बिनशिस्तीचा गोंधळ, तर तो विचारेल, "काऊन बापा, तू कधी बाजारात गेलाच नाही काय?"

आठवडी बाजाराचा वार ठरलेला असतो. तुमची मेथी खुडून झाली नाही म्हणून बाजार थांबत नाही, पुढच्या आठवड्याला आणा. कापसाचा बाजार तर आणखी कडक. अकोला-अमरावतीपासून फार दूर नसलेलं कारंजा, आज ते वाशिम जिल्ह्यात आहे, तिथे १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्याच्या बाजारांचा कायदाच आला आणि पुढे इतर प्रांतांनी तो नमुना म्हणून घेतला. हेतू काही साळसूद नव्हता. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस बेताच्या भावात हवा होता. पण बाजार म्हणजे ठरलेली जागा, परवानाधारक अडते आणि मापारी, ही गोष्ट आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. रेमंडच्या बाजारात गर्दी आहे, माल आहे; वार मात्र नाही.

आणि खुल्या सॉफ्टवेअरचं घोडं अडलं ते नेमकं तिथंच. नेटस्केपच्या त्या कोडमधून मोझिला १.० बाहेर यायला २००२ चा जून उजाडला. डेबियनचा बाणा 'तयार होईल तेव्हा देऊ' असा. त्यांची 'वुडी' जुलै २००२ मध्ये आली आणि पुढची 'सार्ज' जून २००५ मध्ये. तीन वर्षं! तोवर लॅबमधला संगणक बदलतो, शिकणाऱ्यांची अख्खी बॅच बाहेर पडते. उलट ग्नोमने २००२ नंतर दर सहा महिन्यांची लय धरली. उबुंटूने तर वर्ष आणि महिना आवृत्तीच्या नावातच घातला. २००६ च्या एप्रिलची आवृत्ती लांबली तेव्हा ६.०४ चं ६.०६ करावं लागलं. उशीर लपवायला जागाच उरली नाही. हे आम्हाला फार आवडतं.

ही लय कोडच्या भांडारात कशी पाळतात, ते बघा. नवं काम वेगळ्या ब्रँचवर चालतं, पुरं झालं तरच मुख्य ब्रँचमध्ये मिसळतं. तारीख जवळ आली की नवी सुविधा घेणं बंद, फक्त दुरुस्त्या. मग आवृत्तीला टॅग लागतो. राहिलेलं काम वाया जात नाही, ते पुढच्या खेपेला येतं. मेथीचाच न्याय आहे हा.

आता मराठीचा प्रश्न. पडद्यावरचं प्रत्येक वाक्य भाषांतरासाठी एका फाइलमध्ये येतं, वर इंग्रजी, खाली मराठी. रिलीजच्या काही आठवडे आधी 'स्ट्रिंग फ्रीझ' होतो, म्हणजे इंग्रजी वाक्यं गोठतात, कारण भाषांतर करणाऱ्यांना वेळ हवा. फ्रीझनंतर एखाद्या प्रोग्रॅमरने इंग्रजी वाक्यात साधं प्रश्नचिन्ह वाढवलं तरी जुनं मराठी वाक्य 'फझी', म्हणजे शंकास्पद, ठरतं. आणि सॉफ्टवेअर बांधताना फझी ओळी वगळल्या जातात. वापरणाऱ्याला तिथे इंग्रजी दिसतं. मराठी भाषांतर झालेलं असतं, बरोबरही असतं, पण पडद्यावर येत नाही. दोष भाषांतर करणाऱ्याच्या माथी येतो: "मराठी अर्धवट आहे."

रेमंडच्या निबंधात हा माणूस नाही. त्याचा वापरणारासुद्धा चूक शोधून कळवणारा, म्हणजे जवळजवळ प्रोग्रॅमरच. ज्याला मुदतीची सर्वांत जास्त गरज आहे, तो भाषांतर करणारा किंवा कोपऱ्यातल्या गावात शंभर संगणक सांभाळणारा, त्याच्यासाठी 'वरचेवर काढा' हा सल्ला पुरेसा नाही. कधी काढणार, तेही आधी कळायला हवं.

अर्थात वार ठरला म्हणजे न्याय झाला असं नाही. १८९७ च्या कायद्यातल्या बाजार समितीत पाच माणसं: दोन नगरपालिकेची किंवा लोकल बोर्डाची, बाकी कापसाचे व्यापारी. कापूस पिकवणाऱ्याला जागा नव्हती. मुंबई प्रांताने आपल्या १९२७ च्या कायद्यात शेतकऱ्याला समितीत घेतलं. म्हणून रिलीजच्या तारखा पाहताना आम्ही त्या ठरवणाऱ्यांची यादीही पाहतो. ग्नोममध्ये फ्रीझ मोडायचा असेल तर भाषांतर गटाची परवानगी लागते. हा नियम आम्हाला कोणत्याही हुशार कोडइतकाच मोलाचा वाटतो.

अमरावती-अकोल्याच्या कॉलेजांतून हल्ली बरेच विद्यार्थी आपले प्रकल्प खुले ठेवतात. त्यातले कितीतरी आम्ही उघडून पाहतो: एकच ब्रँच, टॅग नाही, आणि शेवटची कमिट सबमिशनच्या आदल्या रात्रीची. त्यांना आमचं सांगणं एवढंच, की रीडमीमध्ये पुढच्या आवृत्तीची तारीख लिहा, आणि तिच्याआधी तीन आठवडे वाक्यं गोठवा. मराठी फाइल द्यायला तेवढ्यात कोणीतरी पुढे येईल.