‘खर्ज’ ही संज्ञा आणि पितळी वाद्यांचा तळस्वर

पितळी वाद्यातून निघणाऱ्या अतिनीच स्वराचे वर्णन करताना मराठी लेखकास ‘खर्ज’ हा शब्द सहज सुचतो. शब्द घरचा आहे. परंतु तो नेमका नाही. ‘षड्ज’ शब्दातील ‘ष’चा उत्तरेकडे ‘ख’ असा उच्चार होऊन ‘खरज’ हे रूप सिद्ध झाले. ‘खर्ज’ हे त्याचेच मराठी रूप. गायकाने धरलेल्या आधारस्वरानुसार त्याचा खर्ज बदलतो. पितळी वाद्याचा तळस्वर मात्र नळीच्या लांबीशी निगडित असतो.

ट्रॉम्बोनचे उदाहरण पाहावे. त्याची नळी सुमारे २.७ मीटर लांब असून तळस्वराची कंपने सेकंदाला सुमारे ५८ असतात. आश्चर्य असे की, या कंपनसंख्येवर नळीचा स्वतःचा अनुनाद नसतो; तिचा सर्वांत खालचा अनुनाद याहूनही बराच खाली राहतो. सैल ओठांच्या संथ कंपनाला स्थैर्य मिळते ते दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्यांवरील वरच्या अनुनादांमुळे. पाया येथे शिखरांच्या आधारावर उभा असतो. बर्लिओझने १८३७च्या ‘रेक्विएम’मध्ये ट्रॉम्बोनचे असे स्वर वर केवळ बासऱ्या ठेवून योजिले व मधली पोकळी ऐकविली. या स्वराला ‘खर्ज’ म्हटल्याने तो स्वाभाविक विश्रांतिस्थान वाटू लागतो आणि वादकाचे ओठांवरील कष्टसाध्य नियंत्रण दृष्टिआड होते.

‘पितळी’ हे विशेषणही असेच फसवे आहे. हॉर्नबोस्टेल व झाक्स यांनी १९१४ साली धातू नव्हे, तर ओठांचे कंपन ही कसोटी मानली. त्यामुळे शंख व तुतारी एका वर्गात येतात. पितळेचा सॅक्सोफोन मात्र जिव्हेच्या वाद्यांत जातो. चिखल्यापासून तलासरीपर्यंतच्या वारली मुलुखातील तारपाही याच दुसऱ्या बाजूचा. भोपळा, बांबूच्या नळ्या व ताडपत्राचा कर्णा अशी त्याची घडण. कर्ण्यामुळे तुतारीची आठवण होते, पण ध्वनी उपजतो तो नळ्यांतील जिव्हांमुळे. आपल्या परंपरेतील ‘सुषिर’ ही व्यापक संज्ञा हा भेद दाखवीत नाही.

म्हणून ओठांच्या वाद्यांसाठी ‘तळस्वर’ व गायनासाठी ‘खर्ज’ असा विवेक करणे इष्ट. तारप्याच्या बाबतीत तर दोन्ही संज्ञा बाजूला ठेवून वादकाचाच शब्द आधी टिपला पाहिजे. परक्या संज्ञेने प्रश्न विचारला, तर उत्तरही तिच्याच साच्यातले मिळते. आणि वारली बोलीतील मूळ शब्द नोंदीविनाच राहतो.