मार्शलसाहेब, किल्ट आणि कॅम्प नंबर तीन

बी.कॉम.च्या आमच्या पुस्तकात मागणीवर एक अख्खं प्रकरण होतं. मागणी वाढली की किंमत वाढते, हे त्यात इतक्या ठामपणे सांगितलंय, की लेखकाने जन्मभर फक्त दसऱ्याच्या सकाळी झेंडूच विकत घेतला असावा! या प्रकरणाचं परीक्षण कुणीतरी करायला हवं. मी उल्हासनगर कॅम्प नंबर तीनच्या शाखेत कारकून आहे; एवढा अधिकार पुरे.

आधी न्याय करू. स्कॉटिश पुरुषांचा तो चुण्यांचा, चौकड्यांचा किल्ट घ्या. आमची आजी नऊ वार नेसायची. स्कॉट माणूस परंपरेने आठांत भागवतो. वारभर वाचवलंच! १७४६ च्या कायद्याने या वेषावर बंदी आली, १७८२ साली उठली, आणि १८२२ मध्ये खुद्द राजा चौथा जॉर्ज किल्ट घालून एडिंबरोत मिरवला. मग काय, बडी मंडळी शिंप्याकडे धावली. पण चांगला किल्ट हातानेच शिवतात, प्रत्येक चुणीला चौकडा जुळवत. दोन-तीन दिवस सहज मोडतात. गिऱ्हाइकं दुप्पट झाली म्हणून शिंप्याला आणखी दोन हात फुटत नाहीत. भाव चढणारच. इथवर पुस्तक बरोबर.

पण आमच्याकडची जीन्स? फाळणीनंतर लष्करी बराकींत येऊन राहिलेल्या सिंध्यांनी जे धंदे उभारले, त्यांत पुढे हीही आली. मागणी वाढली तसे कापडाचे थरावर थर रचून एकदम कापायला लागले. मग एकाने नुसते खिसे लावायचे, दुसऱ्याने चेन, तिसऱ्याने पट्ट्याचे लूप. ॲडम स्मिथने १७७६ साली टाचण्यांच्या कारखान्यावरून हेच सांगितलं. तोही स्कॉटच, पण उदाहरणाला किल्ट घेतला नाही, शहाणा माणूस! आमचे एक खातेदार दोन शब्दांत सांगतात, "साईं, ऑर्डर बडी, भाव छोटा." मार्शलसाहेबांच्या १८९० च्या ग्रंथातही ही शक्यता आहे. आमच्या पुस्तकवाल्याने ती परीक्षेला येत नाही म्हणून गाळली असणार.

मात्र भाव उतरला याचं सगळं श्रेय यंत्राला देऊ नका. शिवणाऱ्याला पैसे नगावर. सीझनला मागणी वाढते तेव्हा त्याचे तास वाढतात, दर बसल्या जागेवरून उठत नाही. आणि जीन्स फिकट दिसावी म्हणून ती रसायनांत धुवायची, ते पाणी वालधुनीत सोडायचं. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराशेजारून येणारी ही नदी. तिने आमच्या गावात निळा, काळा, हवा तो रंग दाखवला. आमच्या भाषेत सांगायचं तर सवलत गिऱ्हाइकाच्या जमा आणि खर्च नदीच्या नावे. नदीचं खातं कुठल्याच शाखेत नाही, त्यामुळे तक्रार करायला कोणी काउंटरवर आलं नाही. २०१७ च्या सुमारास कोर्टाच्या आदेशांनंतर धुलाईचे कारखाने बंद करायला लागले. काहींनी आजूबाजूच्या गावांत बिऱ्हाड हलवलं.

पिगू नावाच्या मार्शलच्या शिष्याने १९२० मध्येच असल्या बाहेर टाकलेल्या खर्चाचा हिशेब मांडून ठेवलाय. आमच्या प्रकरणाच्या शेवटी सरावासाठी बारा प्रश्न आहेत. नदीवर एकही नाही.