'बाहेरचा' : एका शब्दाची सरकती सीमा

भाषेतील पूर्वग्रहाचा विचार करताना अभ्यासकाची दृष्टी बहुधा शिव्यांकडे वळते. वस्तुतः शिवी देणाऱ्यास आपण काय करीत आहो याची जाणीव असते, आणि ऐकणाऱ्यास प्रतिवादही करता येतो. साधे वर्णन म्हणून रूढ झालेल्या शब्दांची गोष्ट निराळी. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यातील बोलणे या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

प्रथम 'परप्रांतीय' हा शब्द घेऊ. 1950 साली संविधान अंमलात आले, 'प्रांत' जाऊन 'राज्ये' आली, आणि देशात कोठेही वास्तव्य करण्याचा हक्क 19व्या अनुच्छेदाने नागरिकास मिळाला. तरी 'परराज्यीय' हा शब्द रुळला नाही. मोडीत निघालेला प्रांत या समासात टिकून राहिला, तो 'पर'च्या आधाराने. शिवाय या शब्दाची योजना भूगोलास धरून होते असेही नाही. बिहारहून आलेला वेल्डर परप्रांतीय होय. त्याच कारखान्यातील दिल्लीचा व्यवस्थापक मात्र 'साहेब' असतो, आणि जर्मन अभियंत्यास तर हा शब्द कोणी लावीत नाही.

'भय्या'ची कथा याहून उद्‍बोधक आहे. हिंदीत हे भावाला घातलेले संबोधन. मराठीत आपण वडीलकीच्या नात्याने 'दादा आले' असे आदरार्थी बहुवचन योजतो. भय्या मात्र 'आला'. त्याचे 'भय्ये' हे अनेकवचन केवळ मोजदादीचे आहे. नाते आत आले, परंतु नात्याचा मान व्याकरणाच्या उंबऱ्यावरच राहिला! पुढे ह्याच माणसांचे 'लोंढे' होतात, आणि लोंढ्यातील एकट्या माणसाचे नाव विचारण्याची गरज उरत नाही. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 सालच्या 'द नेचर ऑफ प्रेजुडिस' या ग्रंथात काही नामे व्यक्तीचे इतर सर्व गुण झाकून टाकतात असे दाखविले होते. मराठीत हे काम नामाइतकेच क्रियापदही करते.

परंतु या परिसरातील खरा कळीचा शब्द 'बाहेरचा' हा आहे. 1947 नंतर सिंधी निर्वासित पिंपरीत वसले. छावणी केव्हाच उठली, तरी त्या भागास आजही 'कॅम्प'च म्हणतात. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले; 1970 साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी मिळून नगरपालिका झाली. सातारा, मराठवाडा, खानदेश येथून कामगार आले. ते मराठीच बोलत होते, तरी 'गाववाल्यां'च्या लेखी बाहेरचेच ठरले. महापालिकेच्या निवडणुकांत हे द्वंद्व अद्याप ऐकू येते. अधिवासाच्या दाखल्यास 15 वर्षांचे वास्तव्य पुरते. 'बाहेरचा' या शब्दास अशी मुदत नाही.

अलीकडच्या 'ठेकेदाराची माणसे' या प्रयोगात षष्ठी विभक्ती बरेच काही उरकून घेते. 1970च्या कंत्राटी कामगार कायद्याने, ठेकेदाराने वेतन चुकविल्यास ते देण्याचे दायित्व मूळ मालकावर ठेविले होते. बोलण्यात मात्र माणूस ठेकेदाराचा म्हटला की कारखान्याचा त्याच्याशी संबंध सुटतो. चाकणला बीडचा तरुण व बिहारचा तरुण एकाच ठेकेदाराची माणसे असू शकतात. एकाच यंत्रावर, तितक्याच रोजावर. तरी पहिला दुसऱ्यास 'भय्या' म्हणतो, आणि त्या दोघांनाही खोली देताना गावातील घरमालक 'बाहेरचे' म्हणतो.